ताई, आधी तुम्ही त्या ओंडक्यापासून लांब व्हा

गुहागरकडच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून नाव देत नाही, आणि पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

"दादा नमस्कार, आमची माडाची वाडी आहे, थोडे आंबे काजू आहेत. तौक्ते वादळात फणस आणि दोन आंबे आडवे झाले तेव्हा कटरवाल्याने खूप पैसे घेतले म्हणून ह्यांनी नंतर ऑनलाईन पेट्रोलवरचं कटर मशीन मागवलं, साडेसहा हजाराला. आता गावातली कामं पण घेतात. गेल्या महिन्यात काजूची फांदी कापताना मशीन उडालं आणि डाव्या मांडीवर लागलं, टाके पडले, नशीब म्हणून वरच्यावर निभावलं. टाके निघाले तसं परत सुरू. तीच हाफ पॅन्ट, त्याच स्लीपर. मी हेल्मेट घ्या म्हटलं की म्हणतात वीस वर्षं कोयता चालवतोय, मला शिकवू नको, आणि ते घालून उकडतं. फाटी कापताना मी धरायला असतेच त्यामुळे माझं लक्ष असतं, पण गावातल्या कामाला एकटेच जातात. मुलगा बारावीला आहे, तोही मशीनला हात घालायला लागलाय. ह्यांना कसं समजवू? आणि चार-पाच हजारात काय काय येईल? आणि चेन सारखी बोथट होते, त्याचं काय करायचं?"

ताई नमस्कार,

पत्र वाचताना आधी भावोजींची हाफ पॅन्ट आणि स्लीपरच डोक्यात बसली होती, पण परत वाचलं तेव्हा तुमचं एक वाक्य जास्त टोचलं, जे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात, की फाटी कापताना मी धरायला असतेच. म्हणजे एका टोकाला भावोजी मशीन घेऊन, आणि दुसरं टोक पायाने नाहीतर हाताने दाबून तुम्ही, साडीत किंवा गाऊनवर ओढणी घेऊन, आणि मध्ये दोन-तीन फूट लाकूड, बरोबर ना? कोकणात अर्ध्या घरांत हेच चित्र असतं, बायको नाहीतर पोरगा धरायला. भावोजींचं हेल्मेट नंतर बघू, आजपासून पहिलं काम हे की तुम्ही धरायचं बंद. लाकूड तुटताना मशीनचा जोर अचानक मोकळा होतो आणि पातं, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, खाली किंवा पुढे झोकांडतं, तिथे तुमचा पाय असतो. धरलेलं लाकूड हललं की चेन अडकते, आणि अडकली की मशीन झटका देतं, म्हणजे तुम्ही धरून त्यांना मदत होतेय असं वाटतं खरं पण होतो उलटा धोका. पदर किंवा ओढणी चेनमध्ये गेली तर काय होईल ते मी लिहीत नाही.

त्याऐवजी भावोजींनाच एक घोडी करायला सांगा. सुतार वापरतात तशी, चार बळकट फाटे घेऊन दोन फुल्या करायच्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या ठोकायच्या, लाकूड त्या फुलीत बसतं, कोणी धरायला लागत नाही, आणि कमरेच्या उंचीवर काम होतं म्हणून पाठही वाचते. लोखंडी खिळे फुलीच्या वरच्या भागात येऊ देऊ नका, चेन त्यावर गेली तर दात जातील. फुकटात होणारं काम आहे, त्यांच्या हाताला कसब आहे, अर्ध्या दिवसात करतील. आणि मशीन चालू असताना तुम्ही, मुलगा, कुत्रा, कोणीही त्यांच्या पंधरा फुटांच्या आत नाही. झाड पाडायचं असेल तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब. लक्ष ठेवायचं ते तिथून ठेवा.

आता वीस वर्षांच्या कोयत्याबद्दल. भावोजींचा हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण कोयत्यावर ज्याचा हात बसलाय त्याला लाकूड कळतं, रेघ कुठे आहे, गाठ कुठे, फांदी कुठल्या बाजूला झुकणार. ते ज्ञान खरंच कामाचं आहे. पण कोयता हात थांबला की थांबतो. मशीनला तुमच्या हाताची गरज नसते, चेन पूर्ण रेस दिली की सेकंदाला साधारण वीस मीटर पळते, काही मशीनला त्याहून जास्त, म्हणजे गाडीच्या हिशोबात ताशी सत्तर किलोमीटरच्या वर, आणि ट्रिगर सोडल्यावरही ती लगेच थांबत नाही, थोडा वेळ तशीच फिरत राहते. फांदी तुटली, हात सैल झाला, मशीन मांडीकडे आलं, आणि चेन अजून फिरतेय. पायाच्या जखमा बऱ्याचदा अशाच होतात, कापताना नाही तर कापून झाल्यावर. जगभरात चेनसॉच्या, म्हणजे या कटर मशीनच्या, जखमांमध्ये पाय सगळ्यात वर असतो, त्यातही डावा, आणि मग डावा हात. त्याचं कारण सोपं आहे, मशीन धरायची पद्धतच अशी की डावा पाय पुढे आणि डावा हात पात्याच्या जवळ.

आणि ते 'मशीन उडालं' म्हणतात त्याला किकबॅक म्हणतात. पात्याचं टोक गोल असतं, त्या गोलाव्याचा जो वरचा अर्धा भाग असतो तिथे चेन पुढून खाली वळत असते, तिथले दात लाकडाला, दुसऱ्या फांदीला, किंवा खाली पडलेल्या एखाद्या ओंडक्याला लागले आणि अडकले की चेनचा सगळा जोर उलटा फिरून पात्याला वर आणि मागे फेकतो, म्हणजे सरळ चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे, डाव्या खांद्याकडे. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात होऊ शकतं. माणसाचा हात, कितीही चपळ असला तरी, डोळ्याने बघून मग हलायला त्याच्या दुप्पट वेळ घेतो. म्हणून इथे वीस वर्षं आणि वीस दिवस सारखेच, कारण अनुभव कामाला यायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. काजूची फांदी म्हणजे तर आडव्यातिडव्या फांद्यांचं जंगलच, टोक कुठे लागलं ते दिसतही नाही. भावोजींचं मशीन वर गेलं आणि खाली येताना मांडीला लागलं असणार. मांडीवर आलं म्हणून टाक्यांवर भागलं, असं त्यांना एकदा स्पष्ट सांगा.

अजून एक गोष्ट सांगते म्हणावं, की हे हेल्मेट आणि चेन ब्रेक, म्हणजे चेन झटक्यात थांबवणारा ब्रेक, वगैरे काही शहरातल्या हौशी लोकांसाठी काढलेलं नाही. स्वीडन, जर्मनी इकडचे लाकूडतोडे पिढ्यान् पिढ्या त्याच कामातले, आणि त्यांचेच हातपाय तुटायला लागले म्हणून 1970च्या दशकात चेन ब्रेक आला, मग जाळीचं हेल्मेट आणि पॅन्ट सरसकट झाली. तिकडे आज जो माणूस पोटासाठी झाडं तोडतो तो हे सगळं घालूनच जंगलात जातो. ज्याला काम जास्त त्याला धोका जास्त, साधा हिशोब आहे, वर्षातून एकदा मशीन काढणाऱ्यापेक्षा भावोजींना त्याची गरज जास्त आहे.

तर आता पैशाचं. चार-पाच हजार हातात असतील तर मी सगळ्यात आधी चॅप्स घ्या म्हणेन, हेल्मेट नाही. सगळे आधी हेल्मेट घेतात कारण ते दिसतं, पण जखमा पायाला जास्त होतात आणि भावोजींना तर होऊन गेलीय. चॅप्स म्हणजे पॅन्टवरून समोरून बांधायचा जाड पडदा, कमरेला पट्टा आणि मांडी-पोटरीला मागून क्लिपा. मागची बाजू उघडी, त्यामुळे पूर्ण सेफ्टी पॅन्टपेक्षा उकडायला कमी होतं, आपल्या दमट हवेत हेच परवडतं. आणि त्याच्या खाली हाफ पॅन्ट नको, साधी फुल पॅन्ट पाहिजेच.

ही वस्तू काम कशी करते ते बघण्यासारखं आहे. लोकांना वाटतं ते कापड इतकं कडक असतं की चेनने कापलंच जात नाही, तसं अजिबात नाही. वरचं कापड लगेच फाटतं, फाटलंच पाहिजे. त्याच्या आत लांब लांब, बारीक, चिवट धाग्यांचे थरावर थर असतात, शिवून घट्ट केलेले नाहीत, मोकळे सोडलेले. चेनचे दात त्यात घुसले की जुन्या गादीतून कापूस यावा तसे ते धागे भसाभस बाहेर ओढले जातात, चेनबरोबर आत जातात आणि जे दातेरी चाक चेन फिरवतं, स्प्रॉकेट, त्याभोवती गुंडाळून त्याला जाम करतात. चेन जागच्या जागी थांबते. आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर असं जाम झालेलं मशीन आलं की साइडचं कव्हर काढल्यावर आत पांढरा लगदा घट्ट ठासलेला असतो, चिमट्याने आणि हुकाने एकेक धागा काढत बसावं लागतं, अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि मालक बाजूला उभा असतो दोन्ही पायांवर. त्या वेळेचे पैसे घ्यायला मला आवडतात.

म्हणूनच साधी जीन्स, दोन जीन्स एकावर एक, गोणपाट, गाडीच्या ट्यूबचा तुकडा, असले जुगाड करू नका. त्यात ते मोकळे धागेच नसतात, चेन सरळ आरपार जाते. घेताना लेबल बघा, त्यावर चेनसॉचं छोटं चित्र असतं आणि ईएन आयएसओ 11393 असा नंबर, जुन्या मालावर ईएन 381 असेल. बाजूला क्लास लिहिलेला असतो, क्लास 1 म्हणजे सेकंदाला 20 मीटर चेन स्पीडवर टेस्ट केलेलं, क्लास 2 म्हणजे 24, क्लास 3 म्हणजे 28. एक क्लास 0 पण असतो, 16 मीटरचा, तो तुमच्या मशीनला नको, किमान 1 घ्या. ऑनलाईन नुसतं 'सेफ्टी अ‍ॅप्रन' किंवा 'गार्डन लेग गार्ड' म्हणून स्वस्तात काहीतरी विकतात, ते बऱ्याचदा गवत कापायच्या मशीनच्या खड्यांसाठी असतं, त्यावर हा नंबर नसेल तर त्याचा चेनला काडीचा उपयोग नाही. एकदा चेनचा फटका बसलेले चॅप्स टाकून द्यायचे, सुईदोरा घेऊन शिवायचे नाहीत, शिवले की आतले धागे बांधले जातात आणि मग ते ओढलेच जात नाहीत. धुताना ब्लीच नको, इस्त्री नको. आणि कोणी बॅटरीचं किंवा विजेवरचं मशीन वापरत असेल तर त्यांनी जास्त सांभाळा, त्या मोटरचा ओढ सुरुवातीपासूनच दांडगा असतो, धाग्यांनी जाम होईलच असं धरून चालू नका.

बजेटचा मोठा भाग चॅप्सच खातील. उरलेल्यात गमबूट नाहीतर पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज, ते तालुक्याच्या बाजारात मिळतात, स्लीपर मात्र आजच बंद, ओल्या शेवाळावर आणि भुशावर त्या घसरतात आणि घसरलेला माणूस पहिली गोष्ट काय करतो तर मुठी आवळतो, म्हणजे रेस पूर्ण. मग पुढच्या एका कामाची मजुरी आली की हेल्मेट, जाळी आणि कानाचे मफ असा एकत्र सेट येतो तो घ्या. मोटरसायकलचं हेल्मेट नको, त्याच्या काचेवर दोन मिनिटांत वाफ धरते आणि भावोजी वैतागून ते काढूनच ठेवतील. जाळीला वाफ धरत नाही, वारा लागतो. जाळीतून बारीक भुसा मात्र येतो म्हणून आतून साधा सेफ्टी चष्मा. हातमोजे पकड नीट येईल असे, सैल नकोत.

कानाचं लोक कधीच मनावर घेत नाहीत कारण रक्त येत नाही. पेट्रोल कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी 100 डेसिबलच्या वर जातो. नायॉश म्हणून अमेरिकेतली सरकारी संस्था आहे, त्यांच्या हिशोबाने 85 डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100ला जेमतेम पंधरा मिनिटं. भावोजी संध्याकाळी टीव्हीचा आवाज वाढवायला लागलेत का, आणि तुम्हाला परत परत "काय?" विचारतात का ते बघा. बोटांना मुंग्या येतात का, सकाळी थंडीत बोटं पांढरी पडतात का तेही विचारा, ते मशीनच्या थरथरीमुळे होतं आणि एकदा जडलं की सहजासहजी जात नाही. असेल तर सलग काम कमी करावं लागेल आणि डॉक्टरला दाखवावं लागेल.

उकडण्याचं म्हणाल तर भावोजी खोटं बोलत नाहीयेत, एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराला ते सगळं चढवून काम करणं म्हणजे शिक्षाच. त्याला उपाय वेळ बदलणं, मशीनचं काम उजाडल्यापासून दहापर्यंत, नंतर ओढायची, रचायची कामं. आणि टाकी संपली की मशीन थंड होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावंच लागतं, गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं तर पेट घेईल, तेवढ्यात चॅप्स सोडून, पाणी पिऊन, चहा घेऊन होतो. बिडी असेल तर ती पेट्रोलच्या कॅनपासून लांब.

आता त्या मशीनबद्दल थोडं, कारण साडेसहा हजाराचं मशीन म्हणजे नशिबाचा खेळ आहे, काही चांगली निघतात काही नाही. पुढच्या हँडलच्या पुढे जो प्लॅस्टिकचा आडवा गार्ड असतो तो नुसता हात वाचवायला नाही, तोच चेन ब्रेक आहे, पुढे ढकलला की चेन थांबते, मागे ओढला की सुटते. किकबॅक आला की मनगट त्यावर आपटतं आणि ब्रेक लागतो, बऱ्याच मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही लागतो. भावोजींना सांगा मशीन सपाट जमिनीवर चालू करून, दोन्ही हातांनी धरून, थोडी रेस देऊन डाव्या मनगटाने तो गार्ड पुढे ढकला. चेन ताबडतोब थांबली पाहिजे. रेंगाळत थांबली तर ब्रेकचा पट्टा झिजलाय किंवा आत तेल-भुशाचा राडा साचलाय, फणस कापल्यावर तर चीक आणि भुसा मिळून लुकणच होतं आत. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये हा गार्ड मोडून काढून टाकलेला असतो, "मध्ये येतो" म्हणून, आणि मागच्या ट्रिगरवरचं लॉक रबराने बांधून ठेवलेलं असतं, "बोट दुखतं" म्हणून. अशी मशीन मी दुरुस्तच करत नाही जोवर ते दोन्ही जागेवर येत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. पात्याच्या बुडाशी खाली एक छोटा हुकासारखा तुकडा असतो, चेन कॅचर, तुटलेली चेन मागे हातावर यायच्या आत तो अडवतो, तो पण आहे का बघा.

चालवायच्या सवयी भावोजींना तुम्ही शिकवू नका, भांडण होईल, हा भाग त्यांनाच वाचायला द्या. भावोजी, दोरी ओढताना मशीन हवेत खाली झोकून चालू करायचं नाही, जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक घालून ओढायचं. डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवून घ्या, वरती सरळ ठेवला तर झटक्यात हात सुटतो. टोकाने कापायचं नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर उभं राहून नाही, आणि झाडावर चढून एका हाताने फांदी आणि दुसऱ्या हाताने मशीन तर अजिबातच नाही, ते काम करणाऱ्यांचं मशीनच वेगळं असतं, हार्नेस असतो, कमरेची दोरी चेनने तुटू नये म्हणून आत तार असते. वर चढलात तर कोयता नाहीतर हातकरवत, तिथे तुमची वीस वर्षं खरी कामाला येतात. चेन लाकडात अडकली तर ओढाताण नको, मशीन बंद करून फटीत पाचर मारा, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची, लोखंडाची नको. आणि चार पावलं टाकायची असली तरी आधी ब्रेक, मग पावलं.

वादळात पडलेल्या झाडांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे कारण आपल्याकडे मशीन आली तीच मुळात त्यामुळे, 2020च्या जूनमध्ये निसर्ग आणि पुढच्या मेमध्ये तौक्ते, तेव्हा गावोगाव ज्याला दोरी ओढता येते तो कटरवाला झाला. पण पडलेलं झाड हे उभ्या झाडापेक्षा फसवं असतं. मुळासकट उन्मळलेलं झाड बघा, मुळांचा मातीसकट तो मोठा चकदा भिंतीसारखा उभा असतो आणि खाली खड्डा. आडव्या खोडाच्या वजनाने तो तसा उभा राहिलेला असतो. बुंध्याजवळ कापलं की वजन गेलं, आणि तो चकदा धाडकन परत खड्ड्यात बसतो, कधी बुंध्याचा राहिलेला तुकडाही वर उचलून नेतो. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, शेळी बांधलेली असते. कापायच्या आधी मागे जाऊन बघा, आणि त्या मुळांना दोरखंडाने बांधल्याशिवाय हात लावू नका. दुसरं म्हणजे झाडाखाली दबून वाकलेली फांदी किंवा कोवळं झाड. वाकलेल्या आतल्या बाजूला लाकूड आवळलेलं असतं, बाहेरच्या बाजूला ताणलेलं. ताणलेल्या बाजूने एकदम कापलं तर ती फांदी सुटते ती सरळ जबड्यावर. आधी आवळलेल्या बाजूने थोडं थोडं, मग दुसऱ्या बाजूने, आणि उभं राहायचं ते ती जिकडे उसळणार त्याच्या उलट बाजूला. जंगलकामात जीव जातात ते चेनने कमी, अंगावर आलेल्या लाकडाने जास्त, तिथे चॅप्स काही करू शकत नाहीत, हेल्मेटही बारीक फांदीपुरतंच. आणि फांद्यांत वायर असेल तर महावितरणचा माणूस येऊन लाईन बंद केल्याचं स्वतः सांगेपर्यंत चहा पीत बसा.

गावातल्या कामांचं एक, आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ असली झाडं 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, मालकाने परवानगी काढलीय का ते विचारून घ्या, नाहीतर अपघातही तुमचा आणि केसही तुमची.

एकटं जाणं मात्र बंदच. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही हे खरं, पण कोणीतरी दिसेल इतक्या लांब असायला हवं, आणि त्याला फोनची रेंज वाडीत नेमकी कुठे येते ते माहीत हवं, आपल्याकडे हा मोठा प्रश्न आहे, माणूस फोन घेऊन घाटी चढेपर्यंत वेळ जातो. चेनची जखम कोयत्यासारखी सरळ नसते, मांस ओरबाडून निघतं, आत तेल आणि भुसा जातो. हळद, चुना, कॉफी, कसलाही पाला, काही भरू नका. जाड स्वच्छ कापड, टॉवेल, जे असेल ते जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबायचं आणि उचलून उचलून बघायचं नाही, भिजलं तर वरून दुसरं. हातापायाची जखम असेल आणि दाबूनही रक्त थांबतच नसेल, धार लागली असेल, तर जखमेच्या चार बोटं वर रुंद पट्टी बांधून त्यात काठी घालून पिळा, रक्त थांबेपर्यंत, आणि किती वाजता बांधलं ते कपाळावर पेनाने लिहा. सुतळी किंवा वायर नको, ती मांसात रुतते. हे सांध्यावर नाही बांधायचं. एकीकडे 108ला फोन. बोट तुटून पडलं असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बांधून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते फुकट जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या महिन्यात भावोजींना दिलं असेलच, कागद बघून ठेवा.

समजवायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न, आणि ताई, खरं सांगू का, समजवूच नका. वीस वर्षं कोयता चालवलेल्या माणसाला बायकोने समजवलेलं पटलं तरी तो पटलं म्हणणार नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत त्या करा. धरायला येणार नाही, हे एकदाच सांगा, कारणं देत बसू नका. आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिक्स करून ठेवायचं काम बऱ्याच घरांत बायकांकडेच असतं, तुमच्याकडे असेल तर मिक्सचा कॅन आणि चॅप्स एकाच खिळ्याला टांगा, कॅन काढायचा तर चॅप्स आधी हातात येतात. बाकी गावातल्या कामाला हेल्मेट-चॅप्स घालून गेलेला माणूस लोकांना कंपनीचा वाटतो आणि मजुरीत घासाघीस कमी करतात, हे त्यांच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून तरी जाऊ द्या, तुमच्याकडून नको.

मुलाला अठरा होईपर्यंत चालू मशीन नाही, आणि नंतरही आधी अंगावर सगळं चढवल्यावरच. पण पोराला नुसतं नाही म्हटलं तर तो तुम्ही बाजारात गेल्यावर दोरी ओढेल. त्याला चेनला धार लावायचं काम द्या, बंद आणि थंड मशीनवर, हातमोजे घालून. हे कामही तितकंच महत्त्वाचं आहे आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. धारेची चेन जाड जाड ढलप्या टाकते, बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो, मग माणूस मशीनवर रेटा देतो, आणि रेटा देतानाच ते निसटतं. चेन सारखी बोथट होतेय म्हणजे एक तर ती मातीला लागतेय, पडलेलं खोड जमिनीलगत कापताना हटकून लागते, नाहीतर तुम्ही माड कापताय, माडाचं बाहेरचं लाकूड धारेला खातंच, तिथे प्रत्येक टाकीला फाइल मारावी लागते. धार लावताना प्रत्येक दाताला आतून बाहेर, एकाच दिशेने, सारख्या ओढी, आणि दातापुढचा जो छोटा उंचवटा असतो तो उगाच घासून खाली करायचा नाही, जास्त खाली गेला की दात खोल चावतो आणि मशीन उडायचं प्रमाण वाढतं.

फाइल गोल असते आणि चेनप्रमाणे जाडी ठरते. पात्यावर बुडाशी पिच, म्हणजे चेनच्या कड्यांच्या अंतराचं इंचातलं माप, लिहिलेला असतो, .325 असेल तर 4.8 मिलिमीटरची फाइल, 3/8 असेल तर 5.5ची, आणि 3/8च्या पुढे एलपी किंवा लो प्रोफाइल असं असेल तर 4ची. तुमच्या 22 इंची पात्यावर बहुतेक .325 सापडेल, पात्याची लांबी तुम्ही लिहिलेली नाही, त्या किमतीच्या मशीनला साधारण तेवढंच असतं म्हणून म्हणतोय. आकडा पुसला गेला असेल तर पात्याचा आणि चेनचा जवळून फोटो काढून पाठवा.